सहाव्या आकड्याची बाळं

नवजात बाळाची कावीळ कळायला टाचेत सुई टोचावी लागते, हे सुकन्या पाटणकरला मुळीच पटत नव्हतं. सुईशी तिचं वैर नव्हतं, सुई तरी खरं बोलते. पण जिथे सुई टोचून रक्त तपासणारं कुणी नसतं तिथल्या बाळांनी काय करायचं? हा प्रश्न तिला पुस्तकात सापडला नव्हता, घरातच सापडला होता. तिचा धाकटा भाऊ अनिमेष कऱ्हाडच्या एका छोट्या दवाखान्यात जन्मला. दोन-तीन दिवसांत तो झोपाळू झाला, दूध ओढेना. सगळे म्हणाले, किती गुणी बाळ, रडत नाही की कटकट नाही. पोर सावळं, त्यामुळे अंगावर चढलेला पिवळेपणा कुणाच्या नजरेत आला नाही. आला तोवर कावीळ मेंदूपर्यंत पोचून त्याचे दोन्ही कान घेऊन गेली होती. आज अनिमेषच्या उशाशी ढोल बडवला तरी त्याची झोप मोडत नाही.

अशी ही सुकन्या हॅम्बर्गच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करायला आली, आणि आल्यापासून एकच ध्यास. बिनसुईचं कावीळ मोजायचं यंत्र, आणि तेही असं की कुठल्याही आईचं बाळ आणा, आकडा खरा आला पाहिजे. तशी यंत्रं बाजारात होती, नाही असं नाही. पण तिच्या मते ती महाग होती, नाजूक होती, आणि सावळं कपाळ दिसलं की बिचकत होती.

तिचं यंत्र टॉर्चएवढं. बाळाच्या कपाळावर टेकवायचं, बटण दाबायचं. निळा उजेड कातडीत शिरतो आणि परत येतो. कावीळ जितकी जास्त तितका उजेड कमी परततो. इतकं सरळ असतं तर मग काय हवं होतं? पण कातडीचा काळेपणाही तोच निळा उजेड गिळतो. म्हणून यंत्राच्या पाठीवर तिने एक चकती बसवली होती, एकपासून सहापर्यंत आकड्यांची. गोऱ्यापान बाळाला एक, अगदी काळ्या बाळाला सहा. चकती फिरवून यंत्राला आधी रंग सांगायचा, मग यंत्र त्या रंगाने गिळलेला उजेड वजा करून काविळीचा आकडा दाखवायचं. चकतीचा तिला भारी अभिमान होता. शोध म्हणजे असा, पोरालाही समजेल असा, असं ती म्हणायची.

या कामात तिच्याबरोबर दोघं होती. एल्ब नदीच्या दक्षिण काठावरच्या हॉस्पिटलात नवजात बाळांचा विभाग सांभाळणारे प्रोफेसर टीडेमान, आणि त्यांच्या हाताखालची बालरोगतज्ज्ञ डॉक्टर अबेना ओवुसू. टीडेमान उत्तरेकडचे, म्हणजे शब्दाला टॅक्स पडत असल्यासारखे बोलणारे. 'मोइन', म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणून आत यायचे आणि संध्याकाळी 'मोइन' म्हणूनच जायचे. मधल्या वेळात जे काही म्हणायचं ते भुवयांनी. अबेनाचे आईवडील घानाचे, ती मात्र इथेच जन्मलेली. नवे पेशंट तिला विचारायचे, तुम्ही मूळच्या कुठल्या? ती सांगायची, इथल्याच आल्टोनाची. मग समोरचा खाली बघेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची. पांढरा कोट घालून उभी असताना तिला कुणी रिकामा ट्रे हातात दिला नाही असा महिना जात नव्हता. ती तो ट्रे घ्यायची, बाजूला ठेवायची आणि बाळ तपासायला लागायची. सुकन्या म्हणायची, बाई, तुझ्या जागी मी असते तर ट्रे डोक्यात घातला असता. अबेना म्हणायची, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच तू मशीन बनव आणि बाळं माझ्याकडे राहू दे.

खरी पंचाईत बाळं मिळवण्याची होती. गोऱ्या बाळांचे आईबाप हसतमुखाने संमतीची सही करत. हॅम्बर्गमधल्या भारतीयांना सुकन्याने स्वतः गाठलं. विमानाच्या कारखान्यात काम करणारे इंजिनियर, त्यांच्या बायका, गणपतीला भेटणारी मंडळी, तिथे ओळखी निघायला काय वेळ लागतो? पण घानाच्या बायका ऐकेनात. आमच्या पोरांवर प्रयोग नकोत, म्हणून मोकळ्या झाल्या. त्यांचंही काय चुकलं म्हणा! शेवटी अबेना एका रविवारी शहराच्या दक्षिणेकडच्या हारबुर्ग भागातल्या त्यांच्या चर्चमध्ये गेली, सगळ्यांसमोर उभी राहिली आणि शब्द दिला. पुढच्या आठवड्यापासून बाळं यायला लागली.

काम वाटून घेतलेलं होतं. गोऱ्या बाळांवर यंत्र टीडेमान टेकवत, बाकीच्यांवर सुकन्या. बाळांच्या नेहमीच्या तपासणीसाठी रक्त घ्यावं लागायचंच, अबेना त्यातच कावीळही तपासून घ्यायची. संध्याकाळी रक्ताचा आकडा आला की यंत्राच्या आकड्याशी ताडून बघायचा. दोन्ही जुळले की यंत्र पास.

सप्टेंबरात वीणा बाळंत झाली. वीणा सुकन्याची इथली जिवाभावाची मैत्रीण, तिचा नवरा गौरांग विमानांच्या पंखांवर काम करायचा, आणि बाळंतपणाला साताऱ्याहून तिच्या सासूबाई शोभनाकाकू आलेल्या. मुलगा झाला, वेद. सुकन्या यंत्र घेऊन खोलीत शिरली तेव्हा काकू त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाळ कितीही काळं असो, त्याला काळं म्हणायची कुणाची छाती आहे? काळा तो सावळा, सावळा तो गव्हाळ, गव्हाळ तो निमगोरा. पाहायला आलेला माणूस एक पायरी वरची सांगतो, आजी त्याच्या वरची ऐकते, आणि उरलंसुरलं डाळीच्या पिठाने उजळतं. यात कुणी खोटं बोलतंय असं कुणालाच वाटत नाही, उलट न बोललं तर माणूस खडूस ठरतो. काकूंनी विचारलं, काय गं, आमचा वेद रंगाने कसा वाटतो? सुकन्या म्हणाली, छान निमगोरा आहे हो. आणि तिची बोटं आपोआप फिरली, चकती तीनवर आली. यंत्राने आकडा दाखवला तो घाबरवणारा. वीणा रडायला लागली, गौरांग कामावरून धावत आला, अबेनाने घाईघाईने रक्त पाठवलं. रक्तात कावीळ अगदी मामुली निघाली.

त्याच आठवड्यात फ्राऊ, म्हणजे श्रीमती, बोआतेंग बाळंत झाल्या. या बाई बंदरावरच्या कस्टम्सच्या अधिकारी. समोरच्या माणसाने खोक्यात काय दडवलंय हे त्याच्या चेहऱ्यावर वाचायची सवय, त्यामुळे त्यांच्यासमोर उभं राहिलं की निरपराध माणसालाही घाम फुटावा. चर्चच्या गायनमंडळाच्या त्या प्रमुख. अबेनाच्या शब्दावर सगळ्यात आधी हो म्हणाल्या होत्या त्या याच. त्यांच्या मुलीचं नाव एफुआ. यंत्राने सांगितलं, कावीळ काळजी करण्याजोगी नाही. बाईंनी घरी जायची तयारी केली, बाळाला टोपडं घातलं. तेवढ्यात रक्ताचा आकडा आला आणि अबेनाने त्यांना दारातून परत बोलावलं. एफुआला काही दिवस निळ्या दिव्याखाली, डोळ्यांना पट्टी बांधून ठेवावं लागलं. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. रक्त तपासलं नसतं आणि यंत्रावर विसंबून पोर घरी गेलं असतं तर काय झालं असतं, हे सुकन्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

असं एक-दोनदा झालं असतं तर गोष्ट वेगळी. पण आकडे मांडले तर भारतीय बाळांना यंत्र नसलेली कावीळ दाखवत होतं आणि घानाच्या बाळांची असलेली लपवत होतं. गोऱ्या बाळांचं मात्र बहुतेक ठीक. यंत्राला पैसे पुरवणारी कंपनी स्टुटगार्टजवळची, तिचे प्रतिनिधी श्रीयुत क्नाप हे सगळं पाहून अजिबात चिडले नाहीत, आणि तेच सुकन्याला जास्त लागलं. ते शांतपणे म्हणाले, यंत्राला काळी त्वचा कळत नाही, त्यात तुमचा दोष नाही. खोक्यावर 'फिकट त्वचेसाठी' असं छापू, आणि वसंतात बाजारात आणू. नोव्हेंबरच्या शेवटी बैठक ठरली. तिथे टीडेमाननी सही केली की संपलं.

सुकन्याच्या अंगाचा तिळपापड झाला. फिकट त्वचेसाठी! म्हणजे अनिमेषसारख्या पोरांसाठी म्हणून जे करायला घेतलं ते अनिमेषसारखी पोरं सोडून बाकी सगळ्यांच्या उपयोगी पडणार. तिने आरसे बदलले, दिवे बदलले, गणितं पुन्हा मांडली. यंत्राचा एकेक स्क्रू खोलून पाहिला. दोष सापडेना. सापडणार कसा? तो यंत्रात नव्हताच.

तो सापडला वेटिंग रूममध्ये. वेद आणि एफुआ दोघांनाही पुन्हा तपासायला एकाच सकाळी बोलावलं होतं. सुकन्या आत आली तेव्हा शोभनाकाकू आणि फ्राऊ बोआतेंग शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींना एकमेकींच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता, पण आज्यांचं आणि आयांचं कधी भाषेवाचून अडलंय? काकूंनी पिशवीतून डिंकाचा लाडू काढून पुढे केला होता. कस्टम्सच्या बाईंनी तो नियमाप्रमाणे उलटसुलट करून पाहिला आणि मग खाल्ला. वीणा बाजूला बसून हसत होती. काकूंनी बाळांची पावलं एकमेकांना लावून पाहिली, केस पाहिले, मग दोन्ही डोकी जवळ आणून त्या सुकन्याला म्हणाल्या, "ही पण गोड आहे हो. आपला वेद जरा उजळ आहे तिच्याहून, नाही का?"

सुकन्या हो म्हणायला तोंड उघडणार होती. बाळांच्या बाबतीत नाही म्हणायची सवयच नव्हती तिला. पण खिडकीतून उजेड सरळ त्या दोन कपाळांवर पडला होता. ती बघतच राहिली. दोन्ही कपाळांचा रंग एक होता. तंतोतंत एक. आयांना बाजूला करून दोघांना टोपडी घातली असती तर कुठलं कुणाचं ते सांगता आलं नसतं. आणि यातल्या एकाला तिने तीन लावले होते, दुसऱ्याला सहा.

ती काकूंना उत्तर न देताच माघारी फिरली. यंत्रात प्रत्येक बाळाचा परत आलेला उजेड साठवलेला होता. तिने वेदचा उजेड काढला आणि तीनच्या जागी साडेचार घालून गणित केलं. आकडा रक्ताशी जुळला. एफुआचा काढला, सहाच्या जागी साडेचार घातले. तोही जुळला. मग तिला आठवलं की सहा लावताना तिने एफुआकडे पाहिलंच नव्हतं. तिने फ्राऊ बोआतेंगकडे पाहिलं होतं. आईचा चेहरा बघायचा आणि चकती टोकाला न्यायची, हे ती पहिल्या दिवसापासून करत आली होती, तेही न कळत, सरावाने. घानाची बाळं जन्मताना पुष्कळदा उजळ असतात, रंग नंतर चढतो, हे अबेनाने तिला सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती आणि चकती सहावर नेली होती.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण तिने लहानपणापासून भांडखोर शेजारणींच्या बाबतीत ऐकली होती. ती आपल्या बोटांत येऊन बसली असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला शरम वाटली, कान गरम होईपर्यंत वाटली. एक विचार असाही आला की साठवलेले आकडे बसल्या जागी दुरुस्त करून टाकावेत, कुणाला कळणार आहे? पण दुरुस्त करायला प्रत्येक बाळाचा खरा रंग लागणार, आणि तो तर तिने पाहिलेलाच नव्हता.

तिने अबेनाला गाठलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. अबेना हात धूत होती. तिने नळ बंद केला.

"आमच्या किती बाळांना सहा लावलेस?"

"सगळ्यांना."

"आणि तुमच्या?"

"कुणाला तीन, कुणाला चार. एकाला दोनसुद्धा."

अबेनाने हात पुसले. एकेक बोट पुसलं. "म्हणजे तुमच्या बाळांकडे तू बघितलंस," ती म्हणाली. "एकेकाकडे बघून त्याला जरा गोरं करून घेतलंस. त्यांना काय झालं, एखादी सुई जास्त टोचली. आमच्यांकडे तू बघितलंच नाहीस, आणि एफुआ कावीळ घेऊन घरी निघाली होती."

अबेनाने टॉवेल खुंटीला लावला.

"मी चर्चमध्ये काय सांगितलं होतं माहीत आहे? ही भारताची आहे, आपल्यासारखीच सावळी आहे. गोऱ्यांसारखं नाही करणार, ही नीट बघेल."

एवढं बोलून ती राउंडला निघून गेली. पुढचे बरेच दिवस दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं झालं. सुकन्या रोज बोटीने घाटावर उतरायची, पावसात चालत हॉस्पिटल गाठायची आणि मनात एकच घोकायची, रुसायचा हक्क आपल्याला नाही, तिला आहे. टीडेमानना तिने सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, भुवया वर नेल्या, खाली आणल्या आणि 'हं' म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात तिचा एक आख्खा शनिवार-रविवार गेला.

बैठकीच्या आदल्या दिवशी अबेना स्वतःहून प्रयोगशाळेत आली. टेबलावरचं यंत्र तिने उचललं, पाठीवरच्या चकतीवर अंगठा फिरवला.

"ही काढून टाक," ती म्हणाली.

सुकन्याने म्हटलं की चकती काढली तर यंत्राला रंग कोण सांगणार. अबेना म्हणाली की कुणीच सांगायचा नाही, तेच तर. "तुझ्या हातात दिली तर तू चुकलीस. माझ्या हातात दिलीस तर मीही चुकेन, आमच्या बायकांना बरं वाटावं म्हणून की रागाने, ते माहीत नाही, पण चुकेन. माणसाने रंग सांगायचा म्हटला की तो बाळाचा राहत नाही. यंत्रालाच बघू दे."

दारात टीडेमान उभे होते, ते कधी आले ते कळलं नव्हतं. ते म्हणाले, "मी ती चकती एकवरून कधी हलवलेलीच नाही. माझ्याकडे पोर्तुगीज बाळं आली, सिसिलीची आली. सगळ्यांना एक." इतकं सलग बोलणं दोघींनीही त्यांच्याकडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर तिघंही टेबलाशी बसली. आधी लाल आणि हिरवा उजेड सोडायचा, कावीळ त्याला फारशी हात लावत नाही, काळेपणा मात्र गिळतो. तेवढ्यावरून रंग यंत्रानेच मोजायचा, मगच निळा. सुकन्या कागदावर मांडत गेली, अबेना शंका काढत गेली. बाळ हललं तर? तेल लावलेलं असलं तर? शंका काढताना तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, पण पूर्वीसारखी थट्टा नव्हती. थट्टेची सुकन्याची अपेक्षाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्नापसमोर सुकन्या उभी राहिली आणि म्हणाली की यंत्राला काळी त्वचा कळते, कळली नाही ती आम्हाला. काय झालं, कुणी केलं, सगळं सांगितलं. क्नाप सज्जन माणूस, पण कंपनीचा माणूस. ते म्हणाले, असं होय, मग हे सगळे आकडे बाद. तुमचा प्रबंधही वर्षभर मागे गेला, हे लक्षात आलंय ना? सुकन्या म्हणाली, हो, आलंय. त्यांनी टीडेमानपुढे कागद सरकवला. गोऱ्या बाळांचे आकडे बरे आहेत, फिकट त्वचेपुरती सही करा, बाकीचं पुढे बघू.

टीडेमाननी कागद परत सरकवला. "पुढे कुणी बघत नसतं," ते म्हणाले. "मी सही करणार नाही."

पुष्कळ वादावादी झाली, आकडेमोड झाली, कॉफी गार झाली. शेवटी क्नापनी ईस्टरपर्यंत मुदत दिली. नवं यंत्र, आणि बाळं पहिल्यापासून, सगळ्या रंगांची, पूर्वी घेतली तितकीच. नाहीतर चकतीचं यंत्र, फिकट त्वचेचं खोकं आणि सही करायला दुसरा कुणी प्रोफेसर. यंत्राचं काय, ते सुकन्या रात्रीचा दिवस करून बनवणारच होती. गोऱ्या आणि भारतीय बाळांचीही चिंता नव्हती. प्रश्न घानाच्या बायकांचा. एफुआची गोष्ट चर्चमध्ये पोचली होती, आणि एकाही आईने त्यानंतर नाव दिलं नव्हतं.

अबेना म्हणाली, "या वेळी मी बोलणार नाही. माझा शब्द एकदा देऊन झाला. तू ये आणि तू बोल."

नाताळाआधीच्या ॲडव्हेंटमधला रविवार होता. चर्च म्हणजे जुन्या गोदामाचा एक मजला, पण बायकांचे कपडे असे की बाहेरचं करडं आभाळ लाजावं. प्रार्थना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये भात आणि मासळीची ताटं मांडली होती. अबेनाने सुकन्याला पुढे उभं केलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून राहिली. सुकन्याने जर्मन वाक्यं पाठ करून आणली होती. ती सगळी विसरली, आणि ते बरंच झालं.

तिने साधं सांगितलं. यंत्राला बाळाचा रंग मी सांगायचे. माझ्या देशाच्या बाळांचा रंग मी एक पायरी गोरा सांगितला, कारण आमच्याकडे तसंच सांगतात. तुमच्या बाळांचा रंग मी बघितलाच नाही, सगळ्यांना शेवटचा आकडा लावला. त्यामुळे यंत्र तुमच्या बाळांशी खोटं बोललं. डॉक्टर ओवुसूंनी रक्त तपासलं नसतं तर एखादं बाळ बहिरं झालं असतं, कदाचित दगावलंही असतं. माझा भाऊ असाच बहिरा झाला. तरी माझ्या हातून हे झालं. आता यंत्रातून माझा हात काढून टाकलाय. पण ते खरं बोलतंय की नाही हे तुमच्या बाळांशिवाय कळणार नाही, आणि कळलं नाही तर ते फक्त गोऱ्यांसाठी विकलं जाईल. म्हणून मी पुन्हा मागायला आलेय.

मागच्या ओळीतल्या दोन तरुण बायका उठल्या आणि बाळं घेऊन निघून गेल्या. एका म्हातारीने शेजारणीला काहीतरी विचारलं, शेजारणीने तिच्या भाषेत सांगितलं, म्हातारीने मान फिरवली. सुकन्याने अबेनाकडे पाहिलं. अबेना जागची हलली नाही.

मग फ्राऊ बोआतेंग उठल्या. ताट बाजूला ठेवून त्या सावकाश पुढे आल्या. एफुआ त्यांच्या खांद्यावर होती, आता चांगली गुटगुटीत. त्यांनी सुकन्याकडे बंदरावर खोकी उघडायला लावतात तसं पाहिलं, आणि बाळ सरळ तिच्या हातांत दिलं.

"सांग," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीचा रंग कोणता?"

सुकन्याने एफुआला खिडकीकडे वळवलं. आकडा नव्हता, चकती नव्हती, बरं वाटेल असं काही बोलायची मुभाही नव्हती. तिने टोपडं मागे सारलं आणि पाहिलं, कुणाकडे आजवर जितकं पाहिलं नव्हतं तितकं पाहिलं. एफुआनेही तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"कपाळ भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं आहे," सुकन्या म्हणाली. "गाल त्याहून जरा गडद झालेत. कानांच्या पाळ्या सगळ्यात काळ्या. तळहात गुलाबी. डाव्या भुवईच्या वर एक फिकट ठिपका आहे."

"तो जन्मापासून आहे," फ्राऊ बोआतेंग म्हणाल्या. "तेव्हा दिसला नाही?"

"नाही."

"का?"

"यंत्र हिच्या कपाळावर होतं," सुकन्या म्हणाली, "आणि मी तुमच्याकडे बघत होते."

बाईंनी मुलीला परत घेतलं, टोपडं सारखं केलं, आणि तिला खांद्यावर टाकून म्हणाल्या की त्यांची जाऊ जानेवारीत बाळंत होणार आहे, तिला घेऊन त्या स्वतः येतील, आणि यंत्र टेकवताना शेजारी उभ्या राहतील.